कापूस, कोलोडियन आणि हजार चेहरे

पायाला कुरूप झाले की औषधाच्या दुकानातून एक छोटी बाटली घरी येते. झाकण उघडताच उग्र वास नाकात जातो. काडीने थेंब लावला की मिनिटभरात तो वाळतो आणि कातडीवर पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो. कुरूप मऊ करून घालवण्याचे काम त्यातले सॅलिसिलिक आम्ल करते. पापुद्रा धरणाऱ्या द्रवाचे नाव कोलोडियन. मराठीत पायावरच्या त्या गाठीला कुरूप म्हणतात, हा एक गमतीचा योगायोग. कारण शंभर वर्षांपूर्वी हॉलिवुडमधल्या एका नटाने हाच द्रव आणि थोडा कापूस घेऊन पडद्यावरचे सर्वांत कुरूप चेहरे घडवले. त्या नटाचे नाव लॉन चेनी. ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ ही त्याची ओळख होती, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक चेहरा त्याने आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने लावला होता. त्याच्याकडे रबराचे साचे नव्हते, मदतीला कारागीर नव्हते. होत्या त्या औषधाच्या, न्हाव्याच्या आणि दातांच्या डॉक्टरच्या कपाटात सापडणाऱ्या वस्तू.

चेनीचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी झाला. चार भावंडांत तो दुसरा. वडिलांचे केशकर्तनालय होते. वडील आणि आई दोघेही कर्णबधिर. आईचे वडील तर कोलोरॅडोतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचे संस्थापक. म्हणजे हाताने बोलणे ही या घरातली अडचण नव्हती, ती या घराची भाषाच होती. लॉनला ऐकू येत होते, बोलताही येत होते, पण आईवडिलांशी तो बोटांनी आणि चेहऱ्याने बोलायला शिकला.

तो लहान असतानाच आईला संधिवाताने गाठले. सांधे सुजून ती अंथरुणाला खिळली. लॉनची शाळा चौथीच्या आसपास सुटली आणि आईची शुश्रूषा त्याच्याकडे आली. दिवसभर खोलीत पडून असलेल्या, ऐकू न येणाऱ्या बाईला गावात काय घडले हे सांगायचे कसे? तो ते करून दाखवी. दुकानदार कसा चालतो, शेजारीण कशी तणतणते, कोण लंगडतो, कोण खांदे पाडून चालतो. आई हसली की नक्कल जमली. पुढे त्याला लाखो प्रेक्षक मिळाले, पण इतका बारकाईने पाहणारा प्रेक्षक पुन्हा मिळाला असेल का, याची शंकाच आहे.

इथे विज्ञानाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सांकेतिक भाषा म्हणजे केवळ हातवारे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या भाषांमध्ये चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो. अमेरिकन सांकेतिक भाषेत भुवया वर उचलल्या की साध्या विधानाचा हो-नाही प्रश्न होतो, आणि ‘कोण’, ‘कुठे’ असे प्रश्न विचारताना त्याच भुवया खाली येतात. ओठांच्या हालचालीने क्रियेची रीत कळते. अशा घरात वाढलेल्या मुलाला भुवई, पापणी, गाल, ओठ यांच्या स्नायूंवर वेगवेगळा ताबा येतो. बहुतेकांचा चेहरा भावनेबरोबर आपोआप हलतो. चेनीला तो अक्षरांसारखा जुळवता येत होता. त्याचे राक्षस भीतिदायक का वाटतात, याचे उत्तर कापसापेक्षा इथे जास्त सापडते.

तरुणपणी त्याने मिळेल ते काम केले. गालिचे घातले, भिंतींना कागद चिकटवले, गावच्या ऑपेरा हाउसमध्ये सामान हलवले. १९०२ मध्ये तो भावाबरोबर रंगभूमीवर उतरला आणि फिरत्या संगीत कंपन्यांतून गावोगाव हिंडू लागला. १९०५ मध्ये त्याने क्लिव्हा क्रेटन या तरुण गायिकेशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, क्रेटन. कंपनीचे आयुष्य ओढाताणीचे होते, संसारात खटके उडत होते. एप्रिल १९१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाट्यगृहात, प्रयोग चालू असताना, क्लिव्हाने विष घेतले. ती वाचली, पण तिचा गळा कायमचा खराब झाला आणि गाणे संपले. प्रकरणाचा गवगवा झाला. नाटक कंपन्यांची दारे चेनीला बंद झाली. घटस्फोट झाला, आणि बापाचे बस्तान बसेपर्यंत लहानग्या क्रेटनला परक्या ठिकाणी राहावे लागले. आई जिवंत आहे हे त्याला मोठेपणी, वडील गेल्यानंतर समजले, असे चरित्रकार सांगतात. चेनीच्या आयुष्यातला हा कोपरा चांगला नाही आणि त्याला मेकअप करण्यात अर्थ नाही.

नाटक बंद झाले म्हणून तो सिनेमाकडे वळला. त्या काळी नाटकवाल्यांच्या दृष्टीने ही पायरी उतरणेच होते. युनिव्हर्सल कंपनीत तो किरकोळ भूमिका करू लागला. मेकअपमन नावाचा वेगळा माणूस तेव्हा स्टुडिओत नसे. नटाने आपला चेहरा आपणच रंगवून यायचा. दिग्दर्शकाला आज म्हातारा खलाशी हवा असे, उद्या पाद्री, परवा गुंड. चेनी आपली पेटी घेऊन आरशापुढे बसे आणि हवा तो माणूस होऊन उभा राही. काम मिळवण्याची ही युक्ती होती, आणि तीच त्याची शाळा ठरली. काही वर्षांत शंभराहून अधिक लहानमोठे चित्रपट झाले. पगारवाढ मागितली तेव्हा व्यवस्थापनाने ती नाकारली. आठवड्याला सव्वाशे डॉलर देण्याइतकी त्याची किंमत कंपनीला वाटली नाही, म्हणून त्याने नोकरी सोडली. १९१९ च्या ‘द मिरॅकल मॅन’ने ती किंमत बदलली. त्यात तो अपंगत्वाचे सोंग घेणारा भामटा होता.

त्याच्या पेटीत काय होते हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. पेटी त्याच्या दुसऱ्या पत्नीने, हेझलने, लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला दिली. तेलकट रंगाच्या कांड्या, नाक वाढवण्यासाठी मेणासारखी लुकण, दाढीमिशांसाठी लोकरीचे केस, चिकटवण्यासाठी स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ, खोट्या दातांसाठी दंतवैद्य वापरत ते गटापर्चा, माशाच्या कातडीच्या पातळ पट्ट्या, आणि अर्थातच कापूस व कोलोडियन.

कोलोडियनची गोष्ट मोठी रंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून ‘गनकॉटन’ हा स्फोटक पदार्थ तयार करण्यात आला. दिसायला कापूस, पण ठिणगी लागताच भडका. हा पदार्थ इथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो आणि पाकासारखा दाट द्रव मिळतो, तेच कोलोडियन. द्रव अंगाला लावला की इथर भर्रकन उडून जाते आणि मागे सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा उरतो. शल्यविशारदांनी लगेच त्याचा उपयोग जखमा झाकण्यासाठी केला. छायाचित्रकारांनी तो काचेवर पसरून फोटो काढले. आजही मेंदूच्या विद्युत तपासणीत, म्हणजे ईईजीमध्ये, डोक्यावर इलेक्ट्रोड दीर्घकाळ चिकटून राहावेत म्हणून कोलोडियन वापरले जाते.

चेनीची पद्धत सोपी होती. गालाच्या हाडावर कोलोडियनचा हात द्यायचा, त्यावर कापसाचा पातळ पदर ठेवायचा, पुन्हा कोलोडियन, पुन्हा कापूस. एकेक थर वाळू द्यायचा. हाडे उंचावतात, डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. मग वरून रंग. वाळताना कोलोडियन आकसते आणि कातडीला आत ओढते, त्यामुळे जुन्या जखमेचा व्रण हुबेहूब दिसतो. खर्च जवळपास शून्य, वेळ मात्र तीन-तीन, चार-चार तास. आणि दिवस संपला की सगळे खरवडून काढायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यातली एक गंमत फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. त्या काळच्या सिनेमाची फिल्मसुद्धा सेल्युलोज नायट्रेटचीच होती. म्हणजे चेनीच्या गालावरचा पापुद्रा आणि ज्या पट्टीवर तो गाल टिपला गेला ती पट्टी, दोन्ही एकाच पदार्थाची. दोन्ही तितकीच ज्वालाग्राही.

फिल्मचा आणखी एक गुण त्याला ओळखावा लागला. ती ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ होती, म्हणजे तिला निळा रंग दिसे आणि लाल जवळजवळ दिसत नसे. लाल ओठ पडद्यावर काळे पडत, निळे डोळे पांढुरके होत. गुलाबी कांतीचा नट गडद आणि डागाळलेला दिसे. म्हणून रंग आरशात कसा दिसतो यापेक्षा फिल्मवर कसा उतरेल याचा विचार करून लावावा लागे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंग टिपणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्म रूढ झाली तेव्हा साऱ्या हॉलिवुडला रंगांची नवी बाराखडी शिकावी लागली.

१९२० च्या ‘द पेनल्टी’मध्ये चेनीने लहानपणी डॉक्टरच्या चुकीने दोन्ही पाय गमावलेल्या गुंडाची भूमिका केली. पाय लपवण्यासाठी त्याने पोटऱ्या मागे मुडपून मांड्यांना पट्ट्यांनी आवळल्या आणि गुडघे चामड्याच्या खोबणीत बसवले. लांब कोट चढवला की पाय खरोखर नाहीतच असे वाटे. त्या अवस्थेत तो कुबड्यांवर चालला, उड्या मारल्या, चढउतार केली. अशी बांधणी दहा-वीस मिनिटांपेक्षा जास्त सहन होत नसे. यात नवल नाही. गुडघा पूर्ण मुडपून आवळला की शिरांमधून वर जाणारे रक्त अडते, पाय सुजू लागतात, नसांवर दाब येऊन बधिरता येते. वेळ लांबला तर स्नायूंना इजा होते. सोंग सोडले की रक्त परत धावते, आणि त्या वेळची कळ ठणकणाऱ्या दातासारखी असते. पट्टे सोडून मालीश, थोडी विश्रांती आणि पुन्हा तेच, अशा रीतीने त्याने भूमिका पार पाडली.

१९२३ मध्ये ‘द हंचबॅक ऑफ नॉट्र डॅम’ आला. क्वासिमोदोचे कुबड सत्तर पौंडांचे होते, ही कथा शंभर वर्षे फिरते आहे. चरित्रकार मायकेल ब्लेक स्वतः मेकअप कलावंत. त्यांनी शोध घेतला तेव्हा वजन वीस पौंडांच्या आसपास, म्हणजे नऊएक किलो निघाले. प्रसिद्धी खात्याने बाकीचे वजन वाढवले. पण नऊ किलो वाकलेल्या पाठीवर घेऊन तासन्‌तास उभे राहणे हेही काही कमी नव्हे, शिवाय एक डोळा झाकलेला. एका डोळ्याने पाहताना जवळच्या गोष्टींच्या अंतराचा अंदाज चुकतो, आणि चेनीला त्या अवस्थेत चर्चच्या भिंतींवर वावरायचे होते. अवघड चढाईच्या काही दृश्यांत त्याच्या जागी दुसरा माणूस वापरला गेला, आणि ते शहाणपणाचेच होते.

मग १९२५ चा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’. चित्रपट लागेपर्यंत स्टुडिओने त्याचा चेहरा छापू दिला नाही. नायिका मागून येऊन मुखवटा ओढते आणि समोर कवटी येते. नाकाचा शेंडा माशाच्या कातडीच्या पट्टीने वर ओढून पट्टीचे दुसरे टोक टकलाच्या टोपीखाली चिकटवलेले. गालांवर कापूस आणि कोलोडियन. कान मागे चिकटवलेले. वेड्यावाकड्या दातांना जोडलेल्या काट्यांनी तोंडाचे कोपरे मागे खेचलेले. डोळ्यांभोवती गडद रंग. काही दृश्यांत नाकात तारही होती आणि तिने रक्त येई, असे छायाचित्रकाराने पुढे सांगितले. प्रेक्षागृहात किंकाळ्या उठत. आज तो प्रसंग पाहिला तरी लक्षात राहतात ते डोळे. मुखवटा ओढला गेल्याची लाज, राग आणि दुखावलेपण त्या डोळ्यांत एकाच क्षणी येते. कापसाला हे जमत नाही. चेनी चेहऱ्याचा जो भाग हलता हवा तो मोकळा ठेवत असे, आणि जिथे हाड आहे, जिथे फारशी हालचाल होत नाही, तिथेच भर घालत असे.

घरी भुताचा किंवा राक्षसाचा चेहरा करणाऱ्यांना हा नियम आजही सगळ्यात जास्त कामाचा आहे. शाळेचे गॅदरिंग असो वा सोसायटीतली हॅलोविनची पार्टी, मुलाच्या साऱ्या चेहऱ्यावर जाड थर थापला की तो राक्षस न वाटता मातीचा गोळा वाटतो. कपाळ, गालाची हाडे, नाकाचा कणा, हनुवटी इथे भर द्यावी. पापण्या आणि ओठांचे कोपरे मोकळे सोडावेत.

साहित्य मात्र चेनीचे घेऊ नये. कोलोडियनमधले इथर झटकन पेटते, डोळ्यांना झोंबते, आणि कातडी आकसवणारे कोलोडियन एकाच जागी वारंवार लावले तर खराच व्रण राहू शकतो. स्वस्त आणि सौम्य पर्याय स्वयंपाकघरात आहे: जिलेटिन. जिलेटिनची पूड, ग्लिसरीन आणि थोडे पाणी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचे, तेल लावलेल्या ताटलीत ओतून थंड करायचे. कातडीसारखा लवचीक तुकडा मिळतो. जखम, मस्सा, वाकडे नाक, काय हवे ते. गरम मिश्रण थेट चेहऱ्यावर लावू नये. उकळत्या दुधापेक्षा ते जास्त भाजते, कारण चिकटून राहते. उन्हाळ्यात घामाने हा तुकडा वितळू लागतो, हे गृहीत धरावे. जिलेटिन प्राणिज असते, त्यामुळे काही घरांत ते चालणार नाही. तिथे टिश्यू पेपरचे थर आणि कातडीसाठी बनवलेले द्रव लॅटेक्स वापरता येते. ही खरे तर चेनीचीच पद्धत, फक्त पदार्थ बदललेले.

लॅटेक्सची ॲलर्जी काहींना तीव्र असते. ज्यांना केळे, पपई, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडाला खाज येते त्यांनी विशेष जपावे, कारण रबराच्या चिकातली आणि या फळांमधली काही प्रथिने सारखी असतात. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहणे सोयीचे. तरी पूर्वी फुग्याने किंवा रबरी हातमोज्याने सूज, दम असा त्रास झाला असेल तर ही चाचणीही घरी करू नये, लॅटेक्स टाळावेच. भुवयांना आधी व्हॅसलीन लावले नाही तर लॅटेक्सबरोबर भुवया निघतात. रक्तासाठी साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पुरे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये: झटपट चिकटवणारा घरगुती गोंद चेहऱ्यावर वापरणे. त्यातले सायनोॲक्रिलेट कापसाला लागले की रासायनिक क्रिया इतक्या वेगाने होते की धूर निघतो आणि कातडी भाजते. चेनीची नक्कल करताना कापूस आणि हा गोंद एकत्र आणणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घेतलेल्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सचेही तसेच. मांजराचे डोळे एका रात्रीसाठी हवे असतात, बुबुळावरची जखम आयुष्यभराची असू शकते. आणि रात्री सगळे काढताना ओढू नये. तेल लावून, थांबून, हळूहळू सोडवावे.

चेनीच्या राक्षसांना आणखी एक पार्श्वभूमी होती. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. खंदकात डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे, नाके, डोळे तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उडाले होते, आणि अशी हजारो माणसे घरी परतली होती. इंग्लंडमध्ये सिडकप येथे हेरॉल्ड गिलीज हे शल्यविशारद त्यांचे चेहरे टप्प्याटप्प्याने पुन्हा उभे करत होते. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा बराच पाया तिथे घातला गेला. पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड ही अमेरिकन शिल्पकार रेडक्रॉसच्या मदतीने सैनिकांसाठी पातळ तांब्याचे मुखवटे बनवत होती. जुन्या फोटोवरून चेहरा घडवायचा, कातडीच्या रंगाने रंगवायचा, खऱ्या केसांच्या भुवया-मिशा लावायच्या आणि चष्म्याच्या काड्यांनी तो कानावर अडकवायचा. म्हणजे एकीकडे मोडलेला चेहरा झाकण्यासाठी कला राबत होती आणि दुसरीकडे चेनी धडधाकट चेहरा मोडून दाखवत होता. रस्त्यात ज्या चेहऱ्यांकडे पाहायचे लोक टाळत, तसे चेहरे पाहायला ते तिकीट काढून जात होते. चेनीच्या भूमिकांत विद्रूप माणूस बहुधा प्रेम करतो, झिडकारला जातो आणि कधी कधी कुणासाठी जीव देतो. कर्णबधिर आईवडिलांकडे लोक कसे पाहतात हे ज्याने लहानपणी पाहिले, त्याला झिडकारणे म्हणजे काय हे शिकवावे लागले नसेल.

त्याचे सगळेच काम आज रुचेल असे नाही. १९२७ च्या ‘मिस्टर वू’मध्ये त्याने चिनी माणसाचे, शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासकट, सोंग घेतले. कारागिरी थक्क करणारी: नाकपुड्या रुंद करण्यासाठी सिगार होल्डरची टोके, डोळ्यांसाठी माशाची कातडी, आणि लांब नखे रंगवलेल्या फिल्मच्या पट्ट्यांची. पण एखाद्या वंशाचा चेहरा कापसाने उभा करण्याची ही प्रथा चिनी नटांच्या पोटावर पाय देणारी होती. त्याच वर्षीच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’मधला टोकदार दातांचा, उंच टोपीचा माणूस फोटोंमुळे जगभर ओळखला जातो, चित्रपट मात्र कुणाला पाहता येत नाही. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. नायट्रेटने आपला गुण दाखवला.

पडद्याबाहेर चेनी मुलाखती टाळी, पार्ट्यांना जात नसे. सुट्टीत सिएरा नेवाडाच्या डोंगरात मासे पकडायला जाई. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या चौदाव्या आवृत्तीत चित्रपटांतील मेकअपवरचा लेख त्याच्या नावाने आहे. चौथीत शाळा सुटलेल्या माणसासाठी ही कमाई मोठीच म्हणायची.

१९२९ च्या सुरुवातीला ‘थंडर’ या आगगाडीवरच्या चित्रपटाच्या वेळी, विस्कॉन्सिनच्या थंडीत तो आजारी पडला. न्यूमोनिया झाला. बरा होईना. त्याच वर्षअखेरीस निदान झाले: श्वासनलिकेच्या शाखेचा, म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. चित्रीकरणात उडवलेल्या नकली बर्फाचा कण घशात अडकला आणि त्यातून हे झाले, अशी गोष्ट पसरली. एखादा कण अडकून जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण काही महिन्यांत त्यातून कर्करोग उगवत नाही; तशी गाठ कित्येक वर्षे आधीपासून वाढत असते. चेनी भरपूर सिगारेटी ओढत असे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठामपणे दाखवणारे मोठे अभ्यास इंग्लंड आणि अमेरिकेत १९५० साली प्रसिद्ध झाले, म्हणजे त्याला सावध करणारे तेव्हा कुणी नव्हते. मेकअपच्या रसायनांवरही बोट ठेवले जाते, पण त्याला आधार नाही.

त्याच सुमारास सिनेमा बोलू लागला. मूकपटाचा हा राजा बोलपटापासून दूर राहिला होता. अखेर १९३० मध्ये ‘द अनहोली थ्री’ या आपल्याच जुन्या चित्रपटाच्या बोलक्या आवृत्तीत तो उतरला, आणि तेही गळा पोखरत असताना. शब्दभ्रमकार, म्हातारी, बाहुला, पोपट, लहान मुलगी असे पाच आवाज त्याने काढले. ते खरोखर त्याचेच आहेत यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून स्टुडिओने त्याच्याकडून शपथपत्र करून घेतले. हजार चेहऱ्यांच्या माणसाला हजार आवाजही आहेत अशी जाहिरात सुरू झाली. हा त्याचा पहिला बोलपट, आणि शेवटचा चित्रपट.

२६ ऑगस्ट १९३० रोजी घशातून रक्तस्राव होऊन चेनी गेला. वय ४७. अखेरच्या दिवसांत आवाज पूर्ण गेला होता आणि लहानपणी आईशी बोलायचा तसा तो हातांनी बोलत असे, असे सांगतात. ग्लेनडेलच्या दफनभूमीत त्याची जागा आहे, तिच्यावर नाव कोरलेले नाही.

कोलोडियन आणि कापूस त्याच्याबरोबर संपले नाहीत. १९३१ मध्ये जॅक पियर्सने बोरिस कार्लोफचे सपाट डोके आणि जड कपाळ त्याच दोन वस्तूंनी थर देऊन बनवले आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस जन्माला आला. दशक संपेपर्यंत फेसाळ रबराचे तयार तुकडे आले, मेकअप हा स्वतंत्र धंदा झाला, त्याची संघटना झाली. मुलाने नट व्हावे हे चेनीला पसंत नव्हते. वडील गेल्यावर क्रेटन सिनेमात आला, आणि निर्मात्यांच्या आग्रहाखातर त्याला ‘लॉन चेनी ज्युनिअर’ हे नाव घ्यावे लागले. १९४० मध्ये एका चित्रपटासाठी त्याने वडिलांसारखा स्वतःचा चेहरा स्वतः करायचे ठरवले, पण संघटनेच्या नियमात ते बसत नव्हते. वर्षभराने ‘द वुल्फ मॅन’साठी तो खुर्चीत तासन्‌तास बसून राहिला आणि जॅक पियर्स त्याच्या गालांवर याकचे केस चिकटवत राहिला.